हर्डलवरची मुलगी

आमच्या वन्सं शर्यत जिंकल्या तरी आधी मागे वळून बघायच्या. फीत छातीला लागलेली असायची, लोक टाळ्या वाजवत असायचे आणि यांची मान मागे. बगळी किती मागे राहिली? फार मागे असली तर घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत यायच्या. अगदी खांद्याला खांदा लावून आली असली, तर पहिल्या नंबरचा कप कपाटावर असा आपटायच्या, की बघणाऱ्याला वाटावं, बाई हरून आली आहे.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची धाकटी बहीण. वयाने माझ्याहून थोड्या लहान, पण नात्याने मान मोठा, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करते आणि त्या मला 'वहिनी, तू' म्हणतात. आता या घरात आम्ही दोघीच उरलो आहोत. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी कारण विचारलं तर म्हणत, "मला शेजारच्या पट्ट्यात कुणी धावत असलं की सहन होत नाही, शेजारच्या खाटेवर कसं होईल?"

गेल्या महिन्यात क्लबच्या फाटकावरून जो प्रकार झाला, त्यानंतर मी ठरवलं की वन्संबद्दल आपणच लिहून ठेवावं. त्यांनी स्वतः सांगितलं, तर बगळीला त्यात उभं राहायलाही जागा मिळणार नाही.

बगळी हे नाव वन्संनीच ठेवलेलं. लांब मान, लांब पाय, आणि धावताना जमिनीला पाय लावणं जणू कमीपणाचं असल्यासारखी चाल. तिनेही उलट वन्संना 'टोळ' म्हणायला सुरुवात केली, कारण वन्सं ठेंगण्या, चिवट, आणि उडाल्या की कुठे उतरतील याचा भरवसा नाही. दोघी एकमेकींवर रागावल्या आणि दोन्ही नावं मैदानाला चिकटली. दोघींचा खेळ एकच, हर्डल्सची शर्यत. दोघींची वेळही जवळजवळ एकच. हेच सगळ्या दुखण्याचं मूळ.

आमचे हे अक्षरं आणि चित्रं काढत. दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं, साबणाची वेष्टनं. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांचं उतरतं टेबल होतं, आणि त्या टेबलाजवळून जाताना श्वाससुद्धा जपून घ्यावा लागे. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा मैदानावरच्या क्लबने त्यांना बोलावलं. क्लबसाठी एक खूण हवी होती. आता सगळे लोगो म्हणतात. हे शेवटपर्यंत खूणच म्हणायचे.

"खेळाडूचं चित्र काढणार का?" मी विचारलं.

"चित्र नाही. नुसती काळी आकृती. चेहरा काढला की ती एका मुलीची खूण होते. चेहरा नसला की मैदानावरची प्रत्येक मुलगी म्हणेल, ही मी. आणि शर्टाच्या बटणाएवढी केली तरी लांबून ओळखू आली पाहिजे."

प्रत्येक मुलगी म्हणेल, ही मी. हे बोलताना त्यांना कल्पना नव्हती की पुढे काय वाढून ठेवलं आहे.

मग रोज संध्याकाळी हे कॅमेरा घेऊन मैदानावर जाऊ लागले. मावळता सूर्य हर्डलच्या पलीकडे येईल असे खाली बसायचे, म्हणजे उडी मारणारी मुलगी फोटोत काळी येते आणि भोवती सगळा उजेड. फोटो काढायचे ते वन्सं आणि बगळीचे, कारण दोघीच एवढ्या उंच अडथळ्यावरून सफाईने जायच्या. बहिणीचे फोटो काढले तर मी काय बोलणार? पण दुसरीचं काय? एकदा मीही बरोबर गेले. बगळी हर्डलवर पाय टाकून आरामात बसली होती. यांना म्हणाली, "माझा फोटो कसा आला हो?"

हे म्हणाले, "पाय सुरेख."

मला कुणी कधी पाय सुरेख म्हटलं नव्हतं. नंतरही नाही. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी यांची पिशवी धरली होती, ती दारातच ठेवून दिली.

त्यानंतर आमच्या पुढच्या खोलीत जिकडेतिकडे बगळीचे पाय. टेबलावर, भिंतीला टाचणीने लावलेले, एकदा तर चहाच्या कपाखाली. हे डोळे अर्धवट मिटून त्यांच्याकडे बघत बसायचे. शेवटी मला राहवलं नाही.

"एवढं काय आहे त्या पायांत?"

"उजेड."

"कसला उजेड?"

"हा बघ, मांडीच्या खाली. पुढचा पाय आणि मागचा पाय यांच्या मधून उजेड दिसतो. आपल्या टोळाचा मागचा पाय पुढच्याच्या आड जातो. ती जाते झकास, पण काळं केलं की लंगडी दिसेल."

"मग अख्खी बगळीच घ्या की!"

बोलण्यात जेवढी मिरची घालता येईल तेवढी मी घातली होती. यांना ती लागली नाही.

"अख्खी कशी घेऊ? हात बघ तिचे. अंगाला चिकटलेले. काळ्यात गेले की बाई दिसत नाही, बाटली दिसते."

ते वाक्य मला फार आवडलं. त्या दिवशीच्या रोजनिशीत ते मी जसंच्या तसं उतरवलं आहे, हवापाण्याच्याही आधी.

वन्संचे हात मात्र उडताना असे पसरायचे की एक पुढे समोरच्याचा चष्मा काढायला आणि एक मागे कुणाला तरी ढकलायला. दोन्ही हात आणि अंग यांच्यामध्ये भरपूर उजेड. तेव्हा यांनी ब्लेड घेतलं आणि दोन्ही फोटो कमरेत कापले. कमरेपासून वर वन्सं, कमरेपासून खाली बगळी. कागदावर चिकटवून, कमरेचा बाक घासूनपुसून जुळवला, वरून बारीक रेघेने बाहेरची कड काढली आणि ब्रश माझ्या हातात दिला.

"तू भर."

यांच्या हाताला घाई फार. मला शाळेत सिस्टरांनी नकाशे रंगवायला शिकवलं होतं. समुद्राचा निळा रंग किनाऱ्यावर चढला की पूर्ण नकाशा पुन्हा. त्यामुळे कडेच्या आत राहणं मला जमायचं. भर दुपारच्या उजेडात बसून मी ती मुलगी काळी केली. आधी हात, मग पाय, शेवटी कंबर. कमरेवर रंग वाळू दिला आणि पुन्हा एकदा फिरवला, सांध दिसू नये म्हणून. बगळीचे पाय रंगाखाली बुडवताना मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

खूण क्लबला पसंत पडली. फाटकावर चढली, झेंड्यावर चढली, पाण्याच्या टाकीवर, कपांवर, पिशव्यांवर. आणि लगेच दोघींनी तिच्यावर हक्क सांगितला.

वन्संनी आधी भावाला विचारलं. "दादा, ती मीच ना?"

हे काहीतरी कापत होते. वर न बघता म्हणाले, "मग काय!"

पुढच्या आठवड्यात बगळी दारात. "दादा, खरं सांगा, ती मीच ना?"

"मग काय!" हे म्हणाले.

मी स्वयंपाकघरातून दोन्ही ऐकलं. बगळी गेल्यावर म्हटलं, "हे बरं आहे तुमचं. दोघींना एकच उत्तर!"

"दोघींनाही खरंच सांगितलं," हे म्हणाले आणि कापायला लागले.

झेंडा आला तेव्हा तर मैदानावरच जुंपली. वन्सं म्हणाल्या, "डोळे उघडून बघा, पुढे डावा पाय आहे. मी डावा टाकते. ही उजवा टाकते." तेवढ्यात वारा फिरला, झेंडा उलटला, मुलगी दुसऱ्या दिशेला उडू लागली. बगळी म्हणाली, "आता बघ कुठला आहे." यांना बोलावून आणलं. हे म्हणाले, "काळ्यात डावं-उजवं नसतं," आणि सायकलवर बसून घरी आले. जिच्या बाजूने वारा, तिचा पाय. त्या वर्षी दोघी क्लबात आल्या की आधी वाऱ्याची दिशा बघत असत.

धावायचे दिवस संपले. बगळीने खेळाच्या कपड्यांचं दुकान काढलं. शर्टाच्या खिशावर मशीनने ती खूण भरून द्यायची आणि प्रत्येक मुलाला सांगायची, "ही कोण माहीत आहे? मी." त्याच रस्त्यावर वन्संना बुटांच्या दुकानात नोकरी मिळाली, ती त्यांनी निवृत्त होईपर्यंत केली. ठेंगण्या स्टुलावर बसायचं, गिऱ्हाइकाचा पाय मापाच्या पट्टीवर घ्यायचा, बूट चढवायचा, लेस बांधायची. दुकानात त्या सगळ्यांच्या लाडक्या होत्या, कारण नवा बूट कुठे चावेल हे त्या आधीच सांगायच्या. पण क्लबातलं पोर समोर खुर्चीवर बसलं की त्याच्या छातीवरची खूण बरोबर वन्संच्या डोळ्यांसमोर यायची.

"ही कोण रे?" त्या विचारायच्या.

"कपड्यांच्या दुकानातल्या मावशी!"

मग त्या पोराची लेस जरा घट्टच बांधली जायची.

मी कुठे होते? मी घरी होते. दोघी जेव्हा जेव्हा भांडायच्या, तेव्हा दोघी मला साक्षीला बोलवायच्या, आणि माझं उत्तर ऐकण्याआधीच पुन्हा भांडायला लागायच्या. ती मुलगी काळी कुणी केली, हे एकीनेही कधी विचारलं नाही. शहरातल्या प्रत्येक पोराच्या छातीवर माझा काळा रंग फिरत होता आणि मिरवायच्या या दोघी. मला सलायचं. अजून सलतं.

हे गेले. वन्संनी खूप रडून घेतलं, आणि डोळे पुसत म्हणाल्या, "आता त्या बगळीला रान मोकळं. साक्षीदारच उरला नाही." मी समोरच बसले होते.

गेल्या महिन्यात क्लबचे नवे चिटणीस घरी आले. तरुण माणूस, मांडीवर फाईल, बोलायला गोड.

"काकू, नवीन फाटक होतंय. त्यावर आपली लोगोतली मुलगी लोखंडी पत्र्यात कापून बसवतोय, माणसाहून उंच. तर कमिटीला वाटतं की जिच्यावरून ती काढली, तिच्याच हस्ते उद्घाटन व्हावं. कपड्यांच्या दुकानातल्या आजी म्हणतात, ती मीच."

स्वयंपाकघरात वन्संच्या हातातलं झाकण पडलं. पडलं म्हणजे टाकलं. गुडघे धरून त्या बाहेर आल्या, हातात पळी.

"तीच कशी? हातच्या कांकणाला आरसा कशाला? हे बघा!" आणि त्यांनी पुढच्या खोलीच्या मधोमध दोन्ही हात पसरले. पळी चिटणीसांच्या चष्म्यापासून बोटभर लांब.

चिटणीस मागे सरकले. "हो, हो आजी, हात अगदी... पण चेहरा नाही ना. म्हणून तर काकूंना विचारायला आलो. काका काही सांगून गेले असतील."

मी म्हटलं, "जरा आठवून सांगते. परवा या."

ते गेल्यावर आम्ही दोघी मटार सोलायला बसलो. वन्संनी दोन-चार शेंगा न सोलताच परातीत टाकल्या. उडी मारण्याआधीचं थांबणं ते.

"काय सांगणार आहेस त्याला?"

"खरं ते."

"खरं म्हणजे मी. तुला तर माहीत आहे, तू तिथेच बसायचीस. वहिनी, या वयात माझं दुसरं काही मागणं नाही. एकदा त्या फाटकाखाली उभी राहीन आणि ती खाली खुर्चीत बसलेली बघीन. बस्स."

मला त्यांची दया आली म्हणा, की इतक्या वर्षांचं सलणं वर आलं म्हणा.

"वन्सं, कमरेपासून वर तुम्हीच आहात."

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आणि खाली?"

मी एक शेंग सोलली.

"वहिनी. खाली कोण?"

"बगळी."

त्यांनी आधी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "दादाने मला पाय दिले नाहीत?"

मी त्यांना ब्लेड सांगितलं, उजेड सांगितला, मागचा पाय आड जातो ते सांगितलं.

"उजेड! मांडीखाली उजेड असला की शर्यत जिंकतात? पहिली मी यायचे की तिचा उजेड? माणूस पळतो कशाने, हातांनी? आयुष्यभर लोकांच्या पायांत बूट चढवले मी, आणि माझेच पाय नाहीत? ती शर्ट विकते, तिचे घेतले पाय. मी बूट विकते, माझे घेतले हात! तुझ्या नवऱ्याला..."

"तुमचा भाऊ."

"आत्ता तुझा नवरा!"

मटाराची परात त्यांनी बाजूला सारली. मला वाटलं, आता रडतील. पण वन्संचं डोकं रागात फार चांगलं चालतं.

"तिला हे माहीत आहे?"

"नाही. कुणालाच नाही."

"मग कुणाला सांगू नकोस."

"अहो, पण अर्धी तरी तुमची आहे! दोघींनाही बोलावतील."

"अर्धी माझी ठरली की उरलेली अर्धी कायमची तिची. आज ती म्हणते अख्खी माझी, मी म्हणते खोटारडी आहेस. लोक म्हणतात, देव जाणे. तू खरं सांगितलंस की तिचे पाय खरे ठरतील. मग मी दुकानादुकानात काय सांगत फिरू? दंड माझे आहेत म्हणून? चिटणीसाला सांग, मला काही माहीत नाही."

"मग ते तिलाच बोलावतील, वन्सं."

"बोलावू देत. खोटी म्हणून तर उभी राहील! मी खाली बसेन आणि बघेन. पण ते पाय खरे म्हणून तिला मिरवू देणार नाही."

मत्सर मी आयुष्यात बराच पाहिला आहे, स्वतःचा तर रोजच. पण समोरच्याला अर्धं मिळू नये म्हणून आपलं अर्धं सोडून देणारं माणूस मी प्रथमच पाहत होते. थोड्या वेळापूर्वी ज्यांनी पळी नाचवली, त्याच वन्संनी मला शपथ घातली. मी मान हलवली.

ठरल्या दिवशी चिटणीस आले. मी सांगितलं, "आमचे हे काही बोलून गेले नाहीत हो." दाराआड वन्संच्या बांगड्या समाधानाने वाजल्या.

चिटणीसांनी फाईल मिटली. त्यांच्या तोंडावर सुटल्याचा आनंद होता. "मग वादच नको. ज्यांनी लोगो काढला त्यांच्या पत्नीच्याच हस्ते करू. काकू, तुम्हीच या."

बांगड्या थांबल्या.

ते गेल्यावर वन्सं बाहेर आल्या. "वा! ना कधी पळालीस, ना कधी उडालीस, आणि फाटक तुझं!"

"मी मागितलं नव्हतं. तुम्हीच सांगितलंत, माहीत नाही म्हण."

"माहीत नाही म्हण म्हटलं, मी येते म्हण असं नाही म्हटलं!"

"शिवाय वन्सं, तो काळा रंग मी भरला होता." इतक्या वर्षांत हे वाक्य मी प्रथमच मोठ्याने बोलले.

"रंग! कोळसा उगाळावा तितका काळाच. त्यात तू काय केलंस?"

त्यानंतर उद्घाटनापर्यंत त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. घरात तिसरं माणूस नाही, त्यामुळे त्या कपाटाशी बोलायच्या. "प्रमुख पाहुण्यांना चहा हवा आहे का विचारा." मी कपाटाला सांगायचे, "हो, साखर कमी."

उद्घाटनाच्या दिवशी संध्याकाळी मला लाकडी पायरीवर चढवलं आणि दोरी हातात दिली. ओढली. कापड घसरलं आणि ती मुलगी वर आली, काळी, प्रचंड, पाठीमागे मावळता सूर्य. पत्रा कापून मोकळी केलेली जागा आकाशाने भरली होती. मांडीखाली उजेड, हातांच्या खाली उजेड. यांचं म्हणणं खरं होतं. मी कमरेकडे निरखून पाहिलं. सांध कुठेच दिसत नव्हती.

टाळ्या झाल्या. मी वळले. खाली पहिल्या रांगेत माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती, आणि आयोजकांनी बिचाऱ्यांनी काही माहीत नसल्यामुळे तिच्या दोन बाजूंना वन्सं आणि बगळीला बसवलं होतं. आता त्या दोघी रिकाम्या खुर्चीवरून एकमेकींकडे वाकल्या होत्या. मी हळूहळू पायऱ्या उतरले, गुडघे सांभाळत, आणि जवळ आले तसं ऐकू येऊ लागलं.

"पण हिने केलं तरी काय गं?" बगळी विचारत होती.

"रंग भरला म्हणे."

"रंग? एवढंच? तो तर माझी नातही भरते!"

"तेच तर मी म्हणते!"

आणि वन्सं हसल्या. कप आपटणाऱ्या, झाकण टाकणाऱ्या आमच्या वन्सं, पोट धरून हसल्या आणि हसता हसता त्यांनी बगळीच्या मांडीवर एक चापट मारली. बगळीनेही तो हात तिथेच दाबून धरला. एवढं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि माझ्याबरोबर तर नाहीच.

माझ्या खुर्चीवर दोघींच्या पिशव्या होत्या. मी जरा वेळ उभी राहिले. मग म्हटलं, "वन्सं, पिशव्या उचलता का? मला बसायचं आहे."

"थांब गं वहिनी," वन्सं माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बोलतोय आम्ही."